चौथा भाग राहिलाय

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर चिकटवलेली 'राखीव' अशी चिठ्ठी साखराबाईनं ओढून काढली, चुरगळून कनवटीला खोचली आणि लुगड्याचा घोळ सावरत त्याच खुर्चीत ऐसपैस बसली. शेजारच्या बाईनं पदर नाकाशी नेला. मेंढरांचा वास येत असेल तर येवो, साखराबाईला त्याचं काही नव्हतं. कळप शेजाऱ्याच्या हवाली करून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती आली होती, आणि मागं बसायला आली नव्हती.

उत्तरेश्वर सर लगबगीनं आले. शाळेत मराठी शिकवायचे, पण नेकनूरमध्ये बारशापासून तेराव्यापर्यंत माईक कुणाच्या हातात असायचा तर यांच्याच.

"मावशी, ही रांग साहेबांसाठी हाय."

"किती साहेब येणार हायत?"

"साहेब एकच. पण संगं माणसं असत्यात."

"मग माणसांनला मागं बसवा. साहेब आले की बघू."

सरांनी मदतीसाठी इकडं तिकडं पाहिलं. यजमान सुंदरराव आचाऱ्याशी बोलत होते. सर हात झटकून माईककडं वळले. साखराबाईशी भर मांडवात कोण तोंड लावणार? बाजारात मालक समोर उभा असताना त्याच्याच मेंढ्याला 'खुरात रोग हाय ह्याच्या' म्हणणारी बाई ती. तिला गोड बोलता येत नाही हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

सुंदररावांच्या आईची पुण्यतिथी होती. दरसाल त्यांच्याच मंगल कार्यालयात कीर्तन व्हायचं आणि मग बुंदीचं जेवण. यंदा सूनबाई विजयमाला हटून बसल्या. त्यांनी पुण्यात एका कार्यक्रमात साखराबाईच्या लेकीला, स्वप्नाला, वाजवताना ऐकलं होतं. 'आपल्या गावची पोरगी पुण्यात टाळ्या घेते आणि गावाला पत्ता नाही' म्हणाल्या. सुंदररावांना घरात वाद नको होता. त्यांनी कीर्तन सकाळीच उरकून घेतलं आणि जेवणाआधीचा वेळ पोरींना देऊन टाकला. बाहेर फलक लागला होता: पाश्चात्त्य शास्त्रीय तंतुवाद्य चतुष्टय. ते जड शब्द वाचून निम्म्या गावाला वाटलं, डॉक्टर येणार आहेत.

मंचावर चार खुर्च्या होत्या आणि चार पोरी. दोघींच्या खांद्यावर व्हायोलिन, एकीच्या पुढ्यात माणसाएवढं मोठं वाद्य, आणि त्यांच्यात आपली स्वप्ना. तिचं वाद्य व्हायोलिनसारखंच पण जरा थोराड. त्याला व्हायोला म्हणतात हे साखराबाईनं केव्हाच पाठ केलं होतं. पोरगी पुण्यात काय करती, असं कुणी कुत्सितपणे विचारलं की ठणकावून सांगायला एक शब्द हाताशी लागायचा ना.

आणि विचारणारे थोडे नव्हते. स्वप्ना कॉलेजसाठी पुण्याला गेली, वसतिगृहाजवळच्या एका बाईकडे हे शिकायला लागली आणि परत यायचं नाव घेईना. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत साखराबाई भावकीशी भांडली, माहेराशी भांडली, आणि नवऱ्याशी, म्हाळूशी, तर चूल पेटवताना एकदा आणि विझवताना एकदा भांडली. म्हाळू काही साधा माणूस नव्हे. बिरोबाच्या जत्रेत ओवीला तो उभा राहिला की माणसं भाकरी हातात तशीच धरून ऐकायची. त्याचं म्हणणं एकच होतं. गळा देवानं दिला, ढोल देवाचा. आणि हे परक्या मुलखाचं लाकूड कुणाचं? एका दसऱ्याला स्वप्नानं तिचं वाद्य पूजेत ढोलाशेजारी ठेवलं. म्हाळूनं ते उचललं आणि बाजेवर नेऊन ठेवलं. ढोलाला भंडारा लागला, त्याला नाही. पोरगी त्या रात्रीच्या गाडीनंच परत गेली. साखराबाई पुढं महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही.

आता धोंडीरामनं, म्हाळूच्या धाकट्या भावानं, पाटोद्याचं स्थळ आणलं होतं. माणसं बरी होती, जमीन होती, फक्त लग्नानंतर मंचावर बसून वाजवणं चालणार नाही म्हणाली होती. "व्हय म्हण दादा," धोंडीरामनं पिच्छा पुरवला होता. पोरगी आईशी हवं तेवढं भांडेल, पण बापानं तोंडावर 'सोड' म्हटलं तर सोडेल, हे साखराबाई पुरतं ओळखून होती. म्हाळू म्हणाला, "एकदा ऐकतो. मग सांगतो."

तो मागं बसला होता, दाराजवळ, चपलांच्या ढिगापलीकडं, घोंगडीच्या घडीवर उकिडवा. काठी गुडघ्यांत. खुर्चीत बसून मला ऐकू येत न्हाई, म्हणाला होता.

स्वप्नानं माईकवर सांगितलं, "हे दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. याचे चार भाग आहेत. चारही मिळून एक, म्हणून मध्ये थोडं थांबलो तरी संपलं असं समजू नका."

आणि मग चार गज एकदम तारांवर पडले.

साखराबाई खुर्चीच्या कडेला सरकली. इतकी वर्षं तिनं हे फक्त मोबाईलवर ऐकलं होतं, माळावर, वाऱ्यात, मेंढरांच्या घंटांत. चिमणीएवढं काहीतरी किणकिणायचं आणि रेंज जायची. आज पहिल्यांदा धड ऐकायला मिळणार होतं. ती वाट बघू लागली. आता सुरू होईल. आता होईल. पोरी तर घाम फुटेस्तोवर गज ओढत होत्या. पण गाणं काही सुरू होईना. काहीतरी धरावं तोवर ते निसटायचं, एकीकडून दुसरीकडं जायचं. त्या पहिल्या पोरीला, कडेच्या बारकीला, नुसतं मिरवायला ठेवलं होतं जणू. वर, आणखी वर. आणि स्वप्ना? स्वप्ना खाली घुर्र घुर्र करत होती. साखराबाई तिच्या पाळीची वाट बघत राहिली. पहिला भाग संपला, पाळी आली नाही.

दुसरा भाग संथ होता. साखराबाईच्या मागच्या रांगेत मांजरसुंब्याच्या ढाब्याचा सुग्रीव बसला होता. तो शेजाऱ्याच्या कानाला लागला, पण कुजबुज म्हणजे काय हे त्याला जन्मात माहीत नव्हतं.

"हे मी ऐकलंय बे. सिरियलमधी सासू आत यायच्या टायमाला वाजतंय."

"न्हाई रं, कुणी मेल्यावर."

"मग बरोबर हाय की. पुण्यतिथीच हाय."

फिदीफिदी हसले. साखराबाईनं वळून असं पाहिलं की सुग्रीवनं मोबाईल काढून त्यात तोंड घातलं.  पण खरं तर तिलाही तसंच वाटत होतं. रडकं, लांबलेलं आणि बिनशब्दांचं. तिनं पापण्या ताणल्या. तरी जांभई आलीच, आणि ती आली नेमकी धोंडीराम पलीकडच्या रांगेतून इकडं बघत होता तेव्हा. तो गालातल्या गालात हसला.

अगं बाई, हेच का ते? तिनं स्वतःलाच विचारलं. ह्याच्यासाठी मी भांडले?

तिसरा भाग उड्या मारत सुरू झाला. जरा कुठं पाय हलवावासा वाटतोय तोवर बाहेर हॉर्न वाजले, गाड्यांची दारं धडाधड लागली आणि उत्तरेश्वर सर माईकवर झेपावले.

"थांबा! थांबा ताई, थांबा! आपल्या जिल्ह्याचे लाडके साहेब यांचं या ठिकाणी आगमन होत आहे, टाळ्यांच्या गजरात..."

तीन गज हवेत राहिले. स्वप्नाचा तारेवरच राहिला, दाबून धरल्यासारखा, आणि मग तिनंही तो उचलला. तिच्या जबड्याचा कोपरा घट्ट झाला. हा जबडा साखराबाईच्याच घरचा होता. त्याच वेळी मागं फरशीवर काठी आपटल्याचा आवाज आला. साखराबाईनं वळून पाहिलं. म्हाळू उभा राहिला होता. तोंड लालबुंद, काठीवरची मूठ आवळलेली. संपलं, तिला वाटलं. ह्याच्या डोक्यात तिडीक गेली. आता हा उठून जाणार आणि पाटोद्याला होकार कळवणार.

साहेब पहिल्या रांगेपाशी आले. सरांनी साखराबाईला डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं, शेवटी घसा खाकरला.

"बसा की सायेब," साखराबाई जागची हलली नाही. "शेजारी लई खुर्च्या हायत."

साहेब हसले आणि बसलेच नाहीत. त्यांना पुढं आणखी एक लग्न होतं. शाल, नारळ, फेटा झाला. पोरींच्या खुर्च्या मागं ओढून त्यांच्यासाठी जागा केली गेली. साहेब दोन शब्द बोलले, संगीतानं मन शांत होतं म्हणाले, आणि ज्या धुरळ्यातून आले त्याच धुरळ्यातून गेले.

सुंदररावांनी घड्याळ पाहिलं, मग आचाऱ्याकडं पाहिलं. मंचाकडं बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. ह्या नमस्काराचा अर्थ 'आवरा' असा होतो हे पोरींनाही कळलं. विजयमाला उठून सासऱ्यांजवळ जाऊन काहीतरी पुटपुटल्या. सुंदररावांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मनोगतं होऊ द्या आणि पानं वाढा, त्यांनी फर्मावलं.

आता मनोगत म्हणजे नेकनूरमध्ये कार्यक्रमापेक्षा मोठी गोष्ट. पाहुण्यांसमोर माईक फिरतो, आणि ज्याचं नाव राहील तो वर्षभर फुगून बसतो. सुंदरराव पहिले उठले.

"पोरींनी चांगलं वाजवलं. पण शास्त्रीय म्हणजे कसं, तबला पाहिजे. सम आल्याबिगर माणसानं मान हलवायची कुठं? तरी बी, चांगलं."

सर म्हणाले, "अविस्मरणीय! अद्वितीय! अशा सोहळ्याचं वर्णन करायला शब्द अपुरे आहेत." आणि ते अपुरे शब्द त्यांनी बराच वेळ वापरले. सुग्रीवनं सिरियलचं सांगितलं आणि हशा घेतला. विजयमाला म्हणाल्या, दुसऱ्या भागात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. पण तोवर ताटांचा खणखणाट सुरू झाला आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग धोंडीरामनं माईक मागून घेतला.

"मी अडाणी माणूस. पण सांगतो, त्या कडंच्या ताईंनी लई भारी वाजवलं. आमची पोरगी मधीच कायतरी घासत व्हती. तिचं म्हणून एक बी गाणं न्हवतं. आठ वर्षं पुण्यात काढून पदरात काय पडलं, तर दुसरीच्या मागं घासायचं. त्यापरीस आमच्या दादाचा ढोल काय वाईट हाय?" माणसं हसली. मंचावर स्वप्ना गजाचा स्क्रू उगाच फिरवत बसली होती. "मी बोललो तर राग येतो. म्हणून आमच्या वहिनीला इचारा. वहिनी कुणाच्या बापाला भेत न्हाईत आन् खोटं बोलत न्हाईत. वहिनी, सांगा सगळ्यांनला. आवडलं का तुमाला?"

आणि माईक तिच्यापुढं आला.

गुलामानं बरोबर पेच टाकला होता. आवडलं म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं साखराबाईच्या तोंडून निघालं तर ते तिच्या तोंडावरच दिसतं. नाही म्हणावं तर मागं उभ्या म्हाळूला पाटोद्याला होकार कळवायला दुसरं कारण शोधायला नको. ती उठली. लेकीकडं पाहिलं. स्वप्ना बघत होती, आणि तिच्या बघण्यात विनवणी नव्हती, नुसतं बघणं होतं.

"मला न्हाई आवडलं," साखराबाई म्हणाली.

 ताटं वाढणारी पोरंसुद्धा थबकली. धोंडीरामनं दोन्ही हात पसरले, बघा म्हणून. सरांनी घाईनं माईकला हात घातला. साखराबाईनं तो छातीशी ओढून घेतला.

"सोडा सर. माझं झालं न्हाई अजून." तिला दम लागला होता. "मला न्हाई आवडलं. मला वाटलं गाणं सुरू हुईल, झालं न्हाई. माझ्या पोरीची पाळी यील, आली न्हाई. भाऊजी म्हणत्यात ते घासणं मला बी तसंच वाटलं. बरं मग? मला आवडलं न्हाई म्हणून तिनं सोडायचं? तुमाला कळलं न्हाई म्हणून सोडायचं? गावाला आवडल तेवढंच पोरींनी करायचं म्हणलं, तर ह्या गावातली एक पोरगी उंबऱ्याभाईर पडली नसती!"

"वहिनी, तसं न्हाई..."

"तुमी बसा भाऊजी. माईक तुमीच दिलाय." ती धोंडीरामकडं पाठ करून लोकांकडं वळली. "आठ वर्षं मी भांडले. तुमच्यातल्या निम्म्यांसंगं भांडले. मला हे आवडतंय म्हणून भांडले व्हय? मला कुठं ठावं व्हतं हे कसं वाजतंय? तिला आवडतंय म्हणून भांडले. आज ऐकलं, न्हाई आवडलं, आन् उद्या परत भांडणार हाय. आन् सर, तुमाला म्हणं शब्द अपुरे पडले. वाजवत व्हत्या तवा तुमी साहेबांची गाडी कुठवर आली ते फोनवर इचारत व्हता. मी बघत व्हते."

कुणीतरी मागं टाळी वाजवली आणि एकटं पडल्यानं थांबवली.

"आता शेवटचं. पोरगी म्हणली, चार भाग हायत, चारी मिळून एक. दोन झाले, तिसरा साहेबांसाठी तोडला, चौथा राहिलाय. अर्ध्यावर उठून कुणी आवडलं म्हणतंय, कुणी न्हाई म्हणतंय. जत्रंत ओवी कुणी मधीच तोडली तर आमचा धनी ढोल पालथा घालतो. हितं चौघी पोरी गप बसल्या म्हणून तुमाला सोपं वाटलं. स्वप्ने, उचल गं ते. तोडलं तिथून वाजवा."

"साखराबाई," सुंदरराव हसत, पण दात आवळून म्हणाले, "भात गार हुईल."

"हुंद्या गार. ज्याला भूक लागली त्यानं जावं, आण्णा. मी हाय हितंच." आणि माईक सरांच्या हातात कोंबून ती त्या खुर्चीत पुन्हा बसली.

आता मंचावर काय होणार याकडं सगळे बघू लागले. स्वप्नानं शेजारणींकडं पाहिलं. मोठं वाद्य धरलेल्या पोरीनं खुर्ची खरकन पुढं ओढली. विजयमाला उठल्या आणि सासऱ्यांच्या देखत पहिल्या रांगेत साखराबाईशेजारी येऊन बसल्या. सुंदररावांनी एकवार सुनेकडं पाहिलं आणि पाहुण्यांना घेऊन ते पंगतीकडं गेले.

त्यांच्यामागं निम्मं कार्यालय गेलं. सुग्रीव गेला. खुर्च्या सरकल्या, पोरं रडली, बुंदीचा वास आत आला. साखराबाईनं मागं वळून पाहिलं. दाराजवळ चपला उरल्या होत्या. घोंगडी नव्हती. म्हाळू नव्हता.

गेला. न्हाई म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं, न बोलता गेला.  पण उठायचं नाही, असं तिनं ठरवलं. सगळं गाव जेवून येईस्तोवर बसायचं.

पोरींनी तिसरा भाग पहिल्यापासून घेतला. मग चौथा. तिनं दात आवळून ऐकलं, एखादं कडू औषध पुरं करावं तसं. पंगतीतून 'वाढा, वाढा' ऐकू येत होतं, त्यावरून पोरी वाजवत होत्या, आणि आता त्या कुणाला खूश करायला वाजवत नव्हत्या हे तिलाही दिसलं. बारकीचे केस सुटले होते. स्वप्ना पाय रोवून बसली होती. ती मेंढ्यांच्या टकरी सोडवायला जायची तेव्हा अशीच उभी राहायची. आवडायचं म्हणाल तर अजूनही आवडत नव्हतं. पण ती खाली घुर्र घुर्र करणारी पोरगी आपली आहे, या गोष्टीनं साखराबाईची छाती अशी भरून आली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

संपलं. उरलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. विजयमाला उभ्या राहून वाजवत होत्या.

स्वप्नानं मंचावरूनच आईकडं पाहून भुवया उडवल्या. आता?

साखराबाईनं मान हलवली. न्हाई.

पोरगी फस्सकन हसली. आणि तेवढ्यात मंचाच्या कडेला ठेवलेल्या झेंडूच्या टोपलीमागून एक तांबडा पटका वर आला.

म्हाळू तिथं होता. मंचाच्या पायरीवर घोंगडी टाकून, भोंग्यापासून लांब आणि लाकडांच्या जवळ, तो केव्हापासून बसला होता कुणास ठाऊक. त्यानं पायातल्या वहाणा खाली काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वर चढला. कमरेची पिशवी सोडली. चिमटीत भंडारा घेतला.

"काका, अहो नको, पॉलिश..." मोठ्या वाद्याची पोरगी पुढं झाली. स्वप्नानं तिच्यापुढं हात आडवा धरला.

म्हाळूनं आधी त्या व्हायोलाच्या माथ्याला, जिथं लाकूड गोगलगायीसारखं वळलेलं होतं तिथं, भंडारा लावला. मग उरलेला लेकीच्या कपाळाला. मग त्या तिघींच्या वाद्यांना, एकेक करून, कुणाची परवानगी न विचारता. पिवळी पूड तारांवर सांडली. चौघींपैकी एकीनंही ती पुसली नाही.

"धोंडी," त्यानं मंचावरूनच हाक मारली. धोंडीराम जेवायला जाता जाता अडकून पडला होता. "पाटोद्याला फोन लाव."

"काय सांगू दादा?"

"सांग, पोरीला टाईम न्हाई."

पंगत उठल्यावर ते जेवायला बसले. भात खरंच गार झाला होता आणि पुऱ्या वातड. व्हायोलाची पेटी म्हाळूनं मांडीला टेकवून उभी केली होती, कुणाचा पाय लागू नये म्हणून. स्वप्ना दोघांच्या मधे बसली होती. साखराबाई पुरीचे तुकडे करत होती, पण खात नव्हती. इतका वेळ दाबून ठेवलेलं शेवटी तिच्यानं राहवेना.

"तुमाला आवडलं व्हय?"

"व्हय."

"काय आवडलं?"

म्हाळूनं घास गिळला. "ते मला सांगता येत न्हाई."

"मग काठी कशाला आपटली? मला वाटलं उठून चाललात."

"मधीच तोडलं त्यांनी. राग आला."

साखराबाईनं पुरी ताटात टाकली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या, रागाचं. "आठ वर्षं भावकीच्या शिव्या मी खाल्ल्या. आठ वर्षं हा माणूस बाजेवर तोंड फिरवून झोपला. आन् आवडलं कुणाला? तर ह्यांना! मला का न्हाई आवडलं मग?"

"तुजं तुला ठावं," म्हाळू म्हणाला आणि वरणासाठी वाटी पुढं केली.

स्वप्नानं हसू लपवायला पाण्याचा गिलास तोंडाला लावला होता. तो खाली ठेवून ती म्हणाली, "माय, पुढच्या महिन्यात संभाजीनगरला कार्यक्रम हाय. आबा येतो म्हणलेत. तू न्हाई आलीस तरी चालंल. तुला आवडत न्हाई तर उगाच कशाला..."

"आवडायचा काय संबंध?" साखराबाई तिच्यावर खेकसली.

तिनं उष्टा हात लांब धरला, डाव्या हातानं कनवट चाचपली आणि ती चुरगळलेली चिठ्ठी बाहेर काढली. मांडीवर ठेवून तळव्यानं दाबून दाबून सरळ केली आणि लेकीपुढं धरली.

"ही घे. तितं बी पहिल्या रांगंत चिकटव. मधल्या खुर्चीला."